कंपायलरला लिहिलेल्या चिठ्ठ्या



साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. वीस आंदोलने मोजायची, लागलेला वेळ वीसने भागायचा, की आवर्तकाल मिळतो. एक मीटर लांबीच्या लंबकाला तो सुमारे २ सेकंद येतो. या प्रयोगात सर्वांत मोठी चूक होते ती आपल्या अंगठ्याची. घड्याळाचे बटण दाबायला कधी उशीर होतो, कधी घाई. म्हणून आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी एकदा अंगठ्याला रजा द्यायचे ठरवले. लंबकाच्या वाटेत एका बाजूला अवरक्त किरणांचा दिवा बसवला आणि समोर संवेदक. गोळा मधून गेला की किरण तुटतो. एका आंदोलनात गोळा दोनदा मधून जातो, म्हणजे वीस आंदोलनांत किरण ४० वेळा तुटतो. हे मोजण्याचे काम एका छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे दिले.

मुलांनी सी भाषेत आज्ञावली लिहिली. शब्द मराठीत करून तिचा गाभा असा मांडता येईल :

मोज = ०;
जोपर्यंत (मोज < ४०) काही करू नको;
घड्याळ थांबव;

आणि किरण तुटला की आपोआप चालणारा वेगळा तुकडा असा :

मोज = मोज + १;

किरण तुटला की मायक्रोकंट्रोलर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवतो, हा तुकडा चालवतो आणि पुन्हा जिथे होता तिथे येतो. याला इंटरप्ट म्हणतात. तास चालू असताना शिपाई नोटीस घेऊन येतो, शिक्षक ती वाचून दाखवतात आणि धडा पुढे चालू होतो, तसेच हे.

आज्ञावली वाचली तर तिच्यात खोट दिसत नाही. पहिल्या दिवशी ती नीट चालली. दुसऱ्या दिवशी एका मुलाने कंपायलरला 'आज्ञावली आटोपशीर कर' अशी सूचना दिली, आणि यंत्र अडकले. किरण चाळीस वेळा तुटला, चारशे वेळा तुटला, घड्याळ काही थांबेना. मुलांनी संवेदक बदलला. मी तारांच्या जोडण्यांवर संशय घेतला आणि अर्धी दुपार डाग देण्यात घालवली. ती सूचना काढली की यंत्र चालायचे, घातली की अडकायचे. दोष तारेत नाही, हे खरे तर तेवढ्यावरूनच कळायला हवे होते.

कंपायलर म्हणजे आपण सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. मराठीत त्याला संकलक असा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात कंपायलरच रुळला आहे. तो शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार नव्हे. अर्थ तोच ठेवून कमी आज्ञांत काम कसे होईल, हे तो पाहतो. स्मृतीतून संख्या आणायला वेळ लागतो; संगणकाच्या मेंदूत, म्हणजे प्रोसेसरमध्ये, हाताशी असलेल्या थोड्या कप्प्यांत ती ठेवली तर काम झटपट होते. आता आमचा फेरा त्याच्या नजरेने पाहा. 'जोपर्यंत मोज चाळीसपेक्षा कमी आहे तोपर्यंत काही करू नको.' या फेऱ्याच्या आत मोजला कोणीही हात लावत नाही. मग ती संख्या दर वेळी स्मृतीतून आणायची कशाला? त्याने ती एकदाच आणली. ती शून्य होती. शून्य हे चाळीसपेक्षा कमीच, आणि फेऱ्यात ते बदलत नाही, म्हणून फेरा अनंत काळ चालू.

आईने मुलाला सांगितले, 'हंडा भरेपर्यंत बघत बस.' मुलाने एकदा हंड्यात डोकावले. हंडा रिकामा होता. 'मी काही पाणी ओतत नाही, मग हा भरणार कसा?' असा विचार करून त्याने पुन्हा डोकावलेच नाही. मागच्या बाजूने नळ सोडला आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

कंपायलरला हे सांगण्यासाठी सी भाषेत एक शब्द आहे : व्होलाटाइल. रसायनशास्त्रात याच शब्दाला आपण बाष्पनशील म्हणतो. इथे त्याचा अर्थ चंचल असा घ्यावा. मोज या नावाआधी तो लिहिला की कंपायलरला कळते, ही संख्या आपल्या नकळत बदलू शकते, दर वेळी स्मृतीत जाऊन पाहायचे. आम्ही तो शब्द घातला आणि घड्याळ बरोबर चाळिसाव्या तुटीला थांबले.

हीच अडचण शेकडो पटींनी मोठी होऊन जिथे उभी राहते, ती जागा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्नेल.

कर्नेल म्हणजे गर

कर्नेल या शब्दाचा मूळ अर्थ बीच्या आतला गर. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी किती वेळ वापरायचा, डिस्क, कळफलक, जाळे यांच्याशी कोणी बोलायचे, हे सारे हा गर ठरवतो. बाकीच्या आज्ञावल्या त्याच्या भोवतीचे टरफल म्हणा. सर्वांत परिचित कर्नेल लिनक्स. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ मध्ये लिहायला घेतले. अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकावरही लिनक्सच चालते. त्याच्या आज्ञावलीच्या ओळी आता काही कोटींत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सी भाषेत आहेत.

आता अडचण पाहा. सी भाषेला बेरीज माहीत आहे, फेरा माहीत आहे, जर-तर माहीत आहे. पण 'ही संख्या दुसरा प्रोसेसर आत्ता बदलत असेल', 'हा तुकडा फक्त संगणक सुरू होताना लागतो', 'हा पत्ता परक्याने दिलेला आहे', या गोष्टी सांगायला त्या भाषेत पुरेसे शब्द नाहीत. कर्नेल लिहिणाऱ्याला मात्र त्या माहीत असतात. ही माहिती कंपायलरपर्यंत पोचवण्यासाठी जागोजाग चिठ्ठ्या लावलेल्या असतात. काही चिठ्ठ्या म्हणजे कंपायलर तयार करणाऱ्यांनी सी भाषेत घातलेली भर असते. तिला अॅट्रिब्यूट म्हणतात. तिचे मूळ रूप लांबलचक आणि डोळ्यांना खुपणारे असते, म्हणून तिला एक सुटसुटीत टोपणनाव देतात. हे टोपणनाव म्हणजे मॅक्रो. भाषांतर सुरू होण्याआधीच टोपणनावाच्या जागी मूळ मजकूर ठेवला जातो.

व्होलाटाइल हा शब्द कर्नेलमध्ये सर्रास का वापरत नाहीत, असे तुम्ही विचाराल. कर्नेलच्या कागदपत्रांत याच विषयावर एक स्वतंत्र टिपण आहे आणि ते त्या शब्दाच्या विरोधात आहे. कारण असे की हा शब्द वस्तूला चिकटतो. एकदा चिकटला की त्या संख्येचा प्रत्येक वापर संथ होतो, जिथे कुलूप लावून ती सुरक्षित केली आहे तिथेसुद्धा. म्हणून कर्नेलमध्ये चिठ्ठी वस्तूला न लावता कृतीला लावतात. 'रीड वन्स' हा मॅक्रो म्हणतो, या ठिकाणी, या वेळी, स्मृतीतून एकदाच आणि खरोखर वाच. लिहिण्यासाठी असाच 'राईट वन्स' आहे. शंका वाटेल तिथे चिठ्ठी, बाकी ठिकाणी कंपायलरला मोकळीक.

या मॅक्रोचा आधीचा अवतार 'अॅक्सेस वन्स' या नावाचा होता. जीसीसी या कंपायलरच्या ४.६ आणि ४.७ या आवृत्त्यांत एक दोष निघाला : साध्या संख्येऐवजी अनेक घटकांचा संच असला, तर कंपायलर व्होलाटाइल हा शब्द वाटेतच गाळून टाकी. चिठ्ठी बरोबर लिहिली, पण वाचणाऱ्याने हरवली! म्हणून २०१४ मध्ये नवे मॅक्रो आले, आणि पुढे काही वर्षांत जुना पूर्णपणे काढून टाकण्यात आला.

'बॅरियर' नावाची एक चिठ्ठी तर फारच मौजेची आहे. ती यंत्रभाषेत एकही आज्ञा निर्माण करत नाही. ती कंपायलरला एवढेच सांगते, की इथे स्मृतीत काहीही बदललेले असू शकते, तेव्हा अलीकडच्या गोष्टी पलीकडे नेऊ नको आणि आधी वाचलेल्या संख्यांवर विसंबू नको. रस्त्यावर चुन्याने रेघ ओढावी तशी ही रेघ कंपायलरपुरती असते. प्रोसेसर स्वतःच आज्ञांचा क्रम बदलतो ते थांबवायचे असेल, तर मात्र खऱ्याखुऱ्या वेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात.

काम झाले की जागा रिकामी

लग्नाचा मांडव घालणारी माणसे मांडव झाल्यावर तिथेच बसून राहिली, तर पंगतीला जागा उरायची नाही. कर्नेलमध्येही अशी बरीच कामे असतात जी संगणक सुरू होताना एकदाच करायची असतात : कोणती यंत्रे जोडली आहेत ते शोधणे, तक्ते मांडणे वगैरे. अशा प्रत्येक तुकड्यावर 'इनिट' ही चिठ्ठी लावतात. तिच्यामुळे कंपायलर ते तुकडे इतरांत न मिसळता एका वेगळ्या विभागात ठेवतो. सुरुवातीची कामे संपली की कर्नेल तो सगळा विभाग रिकामा करून जागा परत मिळवते.

पण त्यात धोका आहे. रिकाम्या केलेल्या जागेतला तुकडा नंतर कोणी बोलावला तर? तिथे आता दुसऱ्याच कोणाचा माल पडलेला असणार. म्हणून कर्नेल तयार होत असतानाच एक तपासनीस आज्ञावली फिरते आणि कायमच्या विभागातून तात्पुरत्या विभागाकडे जाणारी वाट दिसली की इशारा देते.

याहून निरुपद्रवी चिठ्ठी म्हणजे 'लाईकली' आणि तिचे भावंड 'अनलाईकली'. जर-तरमध्ये दोन वाटा फुटतात. त्यांतली कोणती वाट नेहमीची आहे, एवढे ही चिठ्ठी सांगते. कंपायलर नेहमीची वाट सलग मांडतो आणि क्वचितची वाट दूर नेऊन ठेवतो, पुस्तकात मजकूर सलग आणि टिपा शेवटच्या पानांवर असतात तशी. प्रोसेसर पुढच्या आज्ञा आधीच आणून ठेवत असतो, त्यामुळे सलग वाट त्याला सोयीची पडते. या मॅक्रोचे पोट असे असते :

लाईकली(क्ष) = बिल्टइन एक्स्पेक्ट( !!(क्ष), १ )

यातले उद्गारचिन्ह म्हणजे सी भाषेतला नकार. मग दोन नकार कशाला? सी भाषेत शून्य म्हणजे खोटे आणि शून्य सोडून काहीही म्हणजे खरे. क्ष ची किंमत ७ असली तरी ती 'खरे'च. पण कंपायलरला आपण 'हे १ असेल अशी अपेक्षा धर' असे सांगत आहोत, ७ नव्हे. सातचा नकार शून्य, आणि शून्याचा नकार १. दोनदा नाही म्हटले की कोणतेही खरे नेमके १ होते. वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखे हे आहे.

ही चिठ्ठी चुकीची लावली तर उत्तर चुकत नाही, फक्त वेळ जास्त लागतो. आणि ती चुकीची लावली जाते! कोणती वाट नेहमीची, याबद्दलचा माणसाचा अंदाज पुष्कळदा फसतो. म्हणून २००८ पासून कर्नेलमध्ये एक मोजणीची सोय आहे. चिठ्ठी लावलेल्या प्रत्येक वळणावर अंदाज किती वेळा बरोबर आला आणि किती वेळा चुकला, ते ती सांगते. भौतिकशास्त्राच्या माणसाला हे मनापासून पटते. अंदाज करावा, पण मोजूनही पाहावे.

४४६ ला ४ ने भाग जात नाही

जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटचा असतो. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञावलीसाठी असतात, मग प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी, शेवटी २ बाइटची खूण. बेरीज करून पाहा : ४४६ + ६४ + २ = ५१२. प्रत्येक नोंदीत डिस्कचा एक विभाग कुठे सुरू होतो ते सांगणारी ४ बाइटची संख्या असते आणि ती नोंदीच्या आठव्या बाइटपासून सुरू होते, मोजणी शून्यापासून. म्हणजे पहिल्या नोंदीतली ही संख्या तुकड्याच्या ४५४ व्या स्थानी येते.

४ बाइटची संख्या ४ ने भाग जाणाऱ्या स्थानी असावी, असे कंपायलर गृहीत धरतो. अनेक प्रोसेसरांना तेच सोयीचे असते, काहींना तर दुसरे चालतच नाही. ४५४ ला ४ ने भाग जात नाही. पण डिस्कवरची मांडणी फार वर्षांपूर्वी ठरून गेली आहे; ती काही आपल्यासाठी दोन बाइट सरकणार नाही. म्हणून लिनक्समध्ये या नोंदीच्या वर्णनाला 'पॅक्ड' ही चिठ्ठी आहे. तिचा अर्थ, घटकांच्या मध्ये मोकळी जागा सोडू नको आणि स्थान सोयीचे असेल असे गृहीत धरू नको. ही चिठ्ठी विसरली तर आज्ञावली एका संगणकावर वर्षानुवर्षे चालते आणि दुसऱ्यावर पहिल्याच दिवशी कोसळते.

पिशवीवरचा टॅग

आता ज्या चिठ्ठ्या कंपायलरसाठी नसतातच, त्यांच्याकडे वळू. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही कंपनी सुरू केली, आणि पुढे आमचे गाव बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. इथल्या मुलांना बियाण्याच्या पिशवीवरचे टॅग ओळखता येतात. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवा. टॅगमुळे आतला दाणा बदलत नाही. पण हाताळणाऱ्याने काय करावे आणि काय करू नये, हे त्यावरून ठरते. बियाण्याला औषध चोळलेले असेल तर ते खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये, अशी सूचना पिशवीवर असते. दाणा दिसायला ज्वारीसारखाच, पण भाकरीला चालत नाही.

कर्नेलमध्ये 'यूझर' ही चिठ्ठी अशीच आहे. एखादी आज्ञावली कर्नेलला सांगते, 'या पत्त्यावर माझा मजकूर आहे, तो डिस्कवर लिही.' पत्ता म्हणजे शेवटी एक संख्याच. पण ती संख्या बाहेरून आलेली आहे. खोटी असू शकते, कर्नेलच्या स्वतःच्या गुप्त जागेकडे बोट दाखवणारीही असू शकते. तिच्यावर विश्वास टाकून थेट वाचणे म्हणजे औषध चोळलेली ज्वारी दळणे. तो मजकूर ठरावीक तपासणी करणाऱ्या दारातूनच आत घ्यायचा असतो.

नेहमीच्या भाषांतराच्या वेळी ही चिठ्ठी बहुधा कोरी ठरते. मॅक्रोच्या जागी काहीच येत नाही आणि तयार होणाऱ्या यंत्रभाषेत एका आज्ञेचाही फरक पडत नाही. पण टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये 'स्पार्स' नावाची तपासनीस आज्ञावली लिहायला घेतली. ती मात्र या चिठ्ठ्या वाचते आणि बाहेरचा पत्ता कोणी सरळ वापरला असेल तर त्या ओळीवर बोट ठेवते. मघाच्या डिस्कच्या नोंदीतल्या ४ बाइटच्या संख्येलाही असाच टॅग आहे. तिचा लहान किमतीचा बाइट आधी येतो, असे तो सांगतो, म्हणजे उलट क्रमाने बाइट ठेवणाऱ्या यंत्रावर ती कोणी तशीच वापरू नये.

२००९ सालची एक ओळ

चिठ्ठी नसली, किंवा कंपायलरचे गृहीत आणि कर्नेलचे वास्तव यांत फट राहिली, तर काय होते याचे गाजलेले उदाहरण २००९ च्या जुलै महिन्यातले आहे. लिनक्समध्ये 'टन' नावाचा एक भाग आहे. प्रत्यक्ष तार नसताना जाळ्याचे जोडकाम असल्याचा भास तो निर्माण करतो. त्यातल्या एका तुकड्यात असे काहीसे होते :

सॉकेट = यंत्राच्या नोंदीतला सॉकेट;
जर (यंत्राचा पत्ता शून्य असेल) तर चूक कळवून परत जा;

क्रम पाहा. आधी पत्त्यावर जाऊन वस्तू घेतली, मग पत्ता खरा आहे का ते विचारले. ही माणसाची चूक. आता कंपायलर काय म्हणाला ते ऐका. सी भाषेच्या नियमाप्रमाणे शून्य पत्त्यावरून वाचणे बेकायदा आहे. पहिल्या ओळीत वाचले, त्या अर्थी पत्ता शून्य नसणारच. मग दुसरी ओळ हवी कशाला? त्याने ती काढून टाकली.

साध्या आज्ञावलीत यामुळे सहसा एवढेच होते, की शून्य पत्त्यावर काही नसल्याने आज्ञावली तिथेच कोसळते. पण कर्नेलच्या राज्यात, काही परिस्थितीत, एखादी खट्याळ आज्ञावली शून्य पत्त्यावर आपला माल आणून ठेवू शकत होती. मग वाचन बिनबोभाट पार पडे, तपासणी तर उरलेलीच नव्हती, आणि कर्नेल परक्याने मांडलेल्या मालावर विश्वास ठेवून पुढे जाई. ब्रॅड स्पेंगलर या सुरक्षातज्ज्ञाने असे करून संगणकाचा संपूर्ण ताबा मिळवता येतो, हे प्रत्यक्ष दाखवून दिले. मूळ मजकूर वाचणाऱ्याला तपासणीची ओळ दिसत होती. चालणाऱ्या कर्नेलमध्ये ती नव्हती.

यावर पुष्कळ वाद झाला. कोणी कंपायलरला दोष दिला, कोणी लिहिणाऱ्याला. माझे मत असे, की कंपायलरने नियम मोडला नाही, पण नियम ज्या जगासाठी केला होता ते जग कर्नेलचे नव्हते. उपाय दोन्ही बाजूंनी झाला. ओळींचा क्रम सुधारला, आणि कर्नेलचे भाषांतर करताना जीसीसीला कायमची एक सूचना देण्यात येऊ लागली : शून्य पत्त्याच्या तपासण्या काढू नकोस. मग सगळीच हुशारी बंद का करत नाहीत? तसे करताच येत नाही. कंपायलरने निरुपयोगी वाटा छाटाव्यात हे लिनक्सने इतके गृहीत धरले आहे, की ती सूचना पूर्ण बंद ठेवून हे कर्नेल तयारच होत नाही.

दोन कंपायलर, एक मजकूर

आतापर्यंत कंपायलर एकच असल्यासारखे बोललो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी प्रथम प्रसिद्ध केला आणि लिनक्स वर्षानुवर्षे त्याच्याच चिठ्ठ्यांच्या भाषेत लिहिले गेले. मग क्लँग नावाचा दुसरा कंपायलर आला. अँड्रॉइड फोनांची कर्नेले २०१७ पासून त्याने तयार होऊ लागली. दोघांना बहुतेक चिठ्ठ्या सारख्याच कळतात, पण सगळ्या नाही. म्हणून कर्नेलमध्ये कंपायलरनुसार वेगवेगळ्या छोट्या फायली असतात. जो कंपायलर हाती असेल त्याची फाइल निवडली जाते आणि टोपणनावांच्या जागी त्याला समजेल असा मजकूर भरला जातो. ज्याला चिठ्ठी कळतच नाही आणि जिच्यावाचून चालते, तिथे टोपणनावाचा अर्थ 'काही नाही' असा ठेवतात. बाकीच्या कोट्यवधी ओळींना या भानगडीचा पत्ताही नसतो.

सी भाषेतल्या स्विच या रचनेत एक प्रकार संपल्यावर 'थांब' लिहायला विसरले, तर काम खालच्या प्रकारात घरंगळते. कधी ते मुद्दाम हवे असते. पूर्वी लोक शेजारी इंग्रजीत टीप लिहीत, 'इथे मुद्दाम खाली जात आहे.' माणसासाठी लिहिलेली ही टीप जीसीसीची २०१७ ची आवृत्ती चक्क वाचू लागली आणि टीप असली तर इशारा देईनाशी झाली. क्लँगने मात्र टिपा वाचायला नकार दिला. (मला क्लँगचे म्हणणे पटते. टीप ही टीपच राहावी.) शेवटी २०१९ मध्ये लिनक्सने 'फॉलथ्रू' हा मॅक्रो आणला आणि गावभर विखुरलेल्या त्या टिपा हळूहळू बदलून घेतल्या.

या क्षेत्रात मराठी माणसांचाही हात आहे. कंपायलरने उलटापालट केलेले कर्नेल चालू असताना तपासणे फार कठीण असते. ओळी मागेपुढे उड्या मारतात, हवी ती किंमत 'काढून टाकली आहे' असे उत्तर येते. एका संगणकावरचे कर्नेल दुसऱ्या संगणकावरून, तारेच्या टोकाला बसून, पायरीपायरीने तपासू देणारे साधन म्हणजे केजीडीबी. २००० ते २००४ या काळात ते अमित काळे यांनी सांभाळले, आणि २००८ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती लिनक्सच्या मुख्य मजकुरात दाखल झाली. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवले आणि जीसीसीच्या पोटात काय चालते ते उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने दोन गोष्टी करता येतील. संगणक सुरू झाल्यावर 'डीमेसेज' ही आज्ञा द्या. काही ठिकाणी आधी 'सुडो' लावावे लागते. कर्नेलने सुरू होताना केलेल्या नोंदी दिसतील. त्यांत न वापरलेली कर्नेलची स्मृती मोकळी केल्याची एक ओळ असते आणि तिच्यात किलोबाइटमधला आकडा असतो. मांडव उतरवून किती जागा मिळाली, ते त्यावरून समजेल. वर्गातल्या वेगवेगळ्या संगणकांवरचे आकडे लिहून घ्या.

दुसरे थोडे कष्टाचे. आमचा लंबकाचा फेरा सी भाषेत चार ओळींत लिहा. मोज ही संख्या फंक्शनच्या बाहेर घोषित करा. जीसीसीला वजा चिन्ह आणि मोठा एस अशी खूण दिली की तो यंत्रभाषेच्या जवळचा वाचनीय मजकूर फाइलमध्ये लिहून देतो. ही फाइल तीन वेळा तयार करा : एकदा काटकसरीच्या सूचनेशिवाय, एकदा वजा चिन्ह, मोठा ओ आणि २ अशी सूचना देऊन, आणि तिसऱ्यांदा त्याच सूचनेसह पण मोजच्या आधी व्होलाटाइल लिहून. पहिल्या फाइलीत संख्या स्मृतीतून पाहण्याची आज्ञा फेऱ्याच्या आत सापडेल. दुसऱ्यात ती फेऱ्याच्या बाहेर गेलेली असेल आणि फेऱ्याच्या जागी स्वतःवरच उडी मारणारी एकच आज्ञा उरलेली दिसेल. तिसऱ्या फाइलीत ती पुन्हा आत आली आहे का, ते शोधा.